रिकामटेकड्याचा करार

गुरुवारी सकाळी ऑफिसला निघताना बायकोने घराची किल्ली, जेवणाचा डबा आणि नवऱ्याचा शब्द अशा तीन गोष्टी बरोबर घेतल्या. किल्ली आणि डबा पिशवीत गेले. शब्द मात्र तिने दारात उभं राहून दोनदा वदवून घेतला, कारण त्या वस्तूवर तिचा आता फारसा भरवसा उरला नव्हता.

"चार वाजेपर्यंत कुणालाही उत्तर द्यायचं नाही. कुणाचं काहीही बंद पडू दे. जग बुडालं तरी हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"परत म्हण."

त्याने परत म्हटलं. हा जो नवरा, तो अर्थातच कुणाचा तरी जावई होता. आपण त्याला जावईच म्हणू, कारण पुढचं सगळं लचांड सासूबाईंच्या बाजूनेच येणार आहे.

जावयाने काही वर्षांपूर्वी एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्याचं नाव 'पुढचा'. हॉस्पिटल, बँक, कचेरी, जिथे म्हणून माणसं हातात नंबराची चिठ्ठी धरून ताटकळतात, तिथे भिंतीवरच्या बोर्डावर पुढचा नंबर दाखवायचा आणि टुंग असा आवाज करायचा, एवढंच त्या प्रोग्रॅमचं काम. जावयाने तो आतल्या कोडसकट इंटरनेटवर उघडा ठेवला होता. ज्याला हवा त्याने घ्यावा, वापरावा, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. पैसे नकोत, परवानगी नको. लोकांनी तो भरभरून घेतला. जावयाने नकाशावरसुद्धा न पाहिलेल्या गावांत माणसं त्याच्या टुंगवर खुर्चीतून उठत होती. दुरुस्त्या मात्र फारशा कुणी पाठवल्या नाहीत. लोक तक्रारी पाठवत.

दोन वर्षांपूर्वी जावयाने नोकरी सोडली आणि याच गोष्टीचा धंदा करायचं ठरवलं. विचार अगदीच वेडगळ नव्हता. प्रोग्रॅम फुकट राहील, पण तो सांभाळायचे पैसे घ्यायचे. बंद पडला तर धावून जायचं, त्याचा वर्षाचा करार करायचा. असं करून सुखाने खाणारी माणसं जगात आहेत. फक्त ती जावयासारखी नसतात. कुणी "अर्जंट" असं लिहिलं की जावयाच्या हाताला खाज सुटायची. तो आधी दुरुस्ती करून मोकळा व्हायचा आणि मग कराराबद्दल विचारायचा. पलीकडून हात जोडल्याचं चित्र यायचं आणि विषय संपायचा.

सासूबाई खालच्याच मजल्यावर राहत. त्यांनी या धंद्याला नाव ठेवलं नाही, धंदा करणाऱ्याला ठेवलं. समोर असला की जावईबापू आणि पाठ वळली की रिकामटेकडा. पुढे पुढे पाठ वळायची वाटही त्या बघेनाशा झाल्या. दिवसाढवळ्या घरात चप्पल काढून बसलेल्या पुरुषाला दुसरं काय म्हणायचं, असा त्यांचा प्रश्न होता.

घर दोन वर्षं बायकोच्या पगारावर चाललं होतं. ती विमा कंपनीत दावे तपासायची. घर जळाल्यावर विमा मागायला येणारी माणसं तिने ढिगाने पाहिली होती, त्यामुळे माणूस पैसे केव्हा देतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनेच गावातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या खरेदी अधिकाऱ्याला गाठलं, 'पुढचा' सांभाळण्याचा करार त्याच्या गळी उतरवला आणि आज चार वाजताची सहीची वेळ ठरवली. आज सही झाली तर जावयाचा धंदा सुरू. नाही झाली तर सोमवारपासून जुन्या ऑफिसात जुनी खुर्ची, आणि 'पुढचा' अनाथ. हे तिने भांडून सांगितलं नव्हतं. दमून सांगितलं होतं, आणि म्हणूनच जावयाला ते जास्त लागलं होतं.

बरं, एवढी एकच गोष्ट असती तर कथा इथेच संपली असती. पण जावयाच्या पोटात आणखी एक गोष्ट होती आणि ती बायकोला माहीत नव्हती.

महिन्यापूर्वी दुपारी सासूबाई वर आल्या होत्या. चहा घेतला नाही, बसल्या नाहीत. काखेजवळ गाठ लागतेय, म्हणाल्या, आणि डॉक्टरकडे सोबत कुणीतरी पाहिजे. "लेकीला यातलं काही सांगायचं नाही. तिच्या मागे आधीच तुमचं लचांड आहे. तुम्हाला तरी दुसरं काय काम आहे?" मग जावई त्यांच्याबरोबर जाऊ लागला. तपासण्या झाल्या, सुई घालून गाठीतला तुकडा काढून झाला. दर खेपेला सासूबाई रिक्षात पर्स मांडीवर धरून ताठ बसत आणि रस्त्यावरच्या दुकानांना नावं ठेवत. आज त्या तुकड्याचा निकाल मिळायचा होता. हॉस्पिटल तेच. सासूबाई सकाळी एकट्याच पुढे गेल्या; चारच्या सहीसाठी इस्त्रीचा शर्ट घालून माणूस सकाळपासून हॉस्पिटलच्या बाकड्यावर चुरगळायला नको, असं त्यांचंच म्हणणं होतं.

हॉस्पिटलने त्याच आठवड्यात एक सुधारणा केली होती. आधी दर विभागाची नंबरांची वेगळी मालिका असे. आता सगळ्या विभागांना मिळून एकच मालिका. सुधारणा चांगली होती. पण जावयाने 'पुढचा' लिहिला तेव्हा तो ओळखीच्या एका दातांच्या डॉक्टरसाठी लिहिला होता. त्या दवाखान्यात गर्दी झाली म्हणजे सातजण. म्हणून त्याने नंबराला तीन आकड्यांची जागा ठेवली होती आणि तीसुद्धा चैन म्हणून. गुरुवारी, बाह्यरुग्ण विभाग ओसंडून वाहत असताना, बोर्डावर नऊशे नव्याण्णव आला, टुंग वाजलं आणि बोर्ड तिथेच थांबला.

जावयाला पहिली बातमी हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवाल्याकडून आली. हा मनुष्य वर्षानुवर्षं जावयाला फक्त "अर्जंट" एवढा एकच शब्द लिहीत आला होता. आज त्याने तो शब्द तीनदा लिहिला. जावयाने कोड उघडून पाहिलं. चूक डोळ्यांसमोर होती. तीनच्या जागी सहा लिहिलं की काम झालं. त्याने बोटं मांडीखाली दाबून धरली आणि बायकोला फोन लावला.

बायकोला आनंद लपवता आला नाही. "बघ. आता कळेल त्यांना किंमत. खरेदीच्या साहेबाचा मला फोन येऊन गेला, चार वाजेपर्यंत कशाला थांबायचं, आत्ताच कागद घेऊन या म्हणतोय. मी म्हटलं, चार म्हणजे चार. आपण घाई दाखवली की दर पाडतात. तू फक्त गप्प बस."

जावई गप्प बसला. आयुष्यात पहिल्यांदा तो धंदेवाईक वागत होता आणि त्याला चक्क बरं वाटत होतं. त्याने स्वतःसाठी कॉफी केली. कॉफीचा पहिला घोट घेतला आणि सासूबाईंचा फोन आला.

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाईंच्या चिठ्ठीवर हजाराच्या वरचा नंबर होता. बोर्ड नऊशे नव्याण्णववर. डॉक्टर आत रिकामे बसले होते, पेशंट बाहेर ओसंडत होते आणि मधल्या दारात शिपाई उभा होता. मागच्या महिन्यात कुणाला तरी आधी आत सोडलं म्हणून मारामारी झाली होती, तेव्हापासून वरून हुकूम होता की बोर्डावर नंबर आल्याशिवाय आत सोडायचं नाही. शिपायाने बोर्डाकडे बोट दाखवलं की त्याचं काम संपत होतं. सासूबाईंनी दाराच्या फटीतून डॉक्टरांना पाहिलं होतं. ते नखं बघत होते.

शेजारच्या खुर्चीतला एक गृहस्थ हे यंत्र बनवणाऱ्याच्या अकलेबद्दल काहीबाही बोलला, त्यावर सासूबाईंनी त्याला झापलं होतं. माझा जावई आहे तो, त्याला रिकामटेकडा म्हणायचं तर मी म्हणेन, तुमचा काय संबंध, असं त्या म्हणाल्या होत्या. ही हकीकत त्यांनी फोनवर सविस्तर सांगितली. मग आवाज खाली आला.

"डॉक्टर एक वाजता उठणार. उद्यापासून पंधरा दिवस रजेवर आहेत."

जावई म्हणाला की तो येतो, कुणाशी तरी बोलतो, काहीतरी करतो.

"जावईबापू, मला जे व्हायचं ते होऊन गेलेलं आहे. आत कागदावर लिहिलेलं आहे. फक्त कुणी वाचून दाखवत नाहीये. आणखी पंधरा दिवस रात्ररात्र छताकडे बघत पडायचं, ते नाही होणार माझ्याच्यानं."

या बाईने जन्मात कधी त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं असेल तर एवढंच, की जरा हातपाय हलवा. बायकोला फोन करून खरं सांगावं, तर सासूबाईंना दिलेला शब्द मोडतो. दुरुस्ती करावी, तर बायकोला दिलेला मोडतो. दोन बायकांना दोन शब्द देऊन बसलेल्या माणसाची व्हावी तशीच त्याची अवस्था झाली.

आणि मग त्याला युक्ती सुचली. बायकोला शब्द जावयाने दिला होता. पण प्रोग्रॅम तर उघडा होता. जगातला कुणीही माणूस त्यात दुरुस्ती करून पाठवू शकत होता. तो 'कुणीही' अजून जन्माला यायचा होता, एवढंच.

दुरुस्तीला वेळ लागला नाही. नवीन खातं उघडायला लागला. आपण माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्याला चित्रांतले सिग्नल ओळखायला लावले. घाईत त्याने विजेचे खांबही सिग्नल म्हणून दिले आणि ते त्याला दोनदा नाकारण्यात आलं. मग नाव विचारलं. कानात सासूबाईंचा आवाज ताजा होता. त्याने 'रिकामटेकडा' असं टाकलं. आपण परके आहोत हे पटावं म्हणून दुरुस्तीखाली चार ओळीही लिहिल्या: मूळ लेखक झोपा काढतोय असं दिसतं, तीन आकड्यांची जागा ठेवणाऱ्या माणसाला गर्दी म्हणजे काय ते माहीत नसावं, तूर्त हे वापरा. लिहिताना त्याला वाटलं त्यापेक्षा जास्त मजा आली.

कॉम्प्युटरवाल्याने दुरुस्ती उचलली. हॉस्पिटलच्या हॉलमध्ये टुंग वाजलं आणि बोर्डावर हजार उमटला. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. एक वाजायच्या जरा आधी सासूबाई आत गेल्या.

त्यानंतर त्यांनी फोन उचलला नाही. जावयाने पुन्हा पुन्हा लावला. शेवटी तिकडून फोन कापला गेला आणि त्यावरून त्या जिवंत आहेत एवढंच कळलं. तो घरात येरझारा घालू लागला, आणि तेवढ्यात इकडे, इंटरनेटवर, रिकामटेकड्याचं कौतुक सुरू झालं.

तीन आकड्यांनी इतरांनाही छळलं असावं. कुठल्या कुठल्या देशांतून आभार आले. ज्या एका माणसाने पाच वर्षांत जावयाला फक्त शिव्या लिहिल्या होत्या, त्याने लिहिलं की अखेर या प्रोग्रॅमला एक जबाबदार माणूस लाभला. कुणीतरी सुचवलं की मूळ लेखकाने आता बाजूला व्हावं आणि सगळा कारभार रिकामटेकड्याच्या हाती द्यावा. या सूचनेला भराभर अनुमोदनं आली. जावयाला राग आला. हा कोण टिकोजीराव, असं लिहायला त्याने बोटं उचललीसुद्धा, पण चार वाजेपर्यंत उत्तर द्यायचं नाही हा शब्द त्याला वेळेवर आठवला.

चारला पाच कमी असताना बायको हॉस्पिटलच्या दारात भेटली. ठेवणीतले कपडे, हातात कराराचा जाड लिफाफा, आणि चेहऱ्यावर दोन वर्षांत न दिसलेलं हसू.

"बंदच आहे ना अजून?"

"असेल," जावई म्हणाला.

खरेदी अधिकाऱ्याने त्यांना बसवलं, पाणी दिलं. कॉम्प्युटरवाला शेजारी उभा होता, परीक्षेत पहिला आल्यासारखा. अधिकाऱ्याने आधी सकाळचा गोंधळ वर्णन केला. मुख्य डॉक्टर त्याच्या अंगावर ओरडले होते, पेशंटांनी काच फोडली होती, आणि त्याने स्वतः पेन उघडून हातात धरलं होतं, करार येताच सही करायला. मग त्याने पेनचं टोपण लावून दाखवलं.

"पण ते झालं हो दुरुस्त. कुणीतरी देवमाणूस भेटला. आणि आमचा नियम असा आहे मॅडम, की एकच पुरवठादार असेल तर थेट करार करता येतो. दोन असले की दर मागवावे लागतात. आता दोन झाले. तुमचा दर हा असा, त्यांचा दर शून्य."

"दर शून्य म्हणजे?"

"म्हणजे केलं की त्यांनी फुकट. तुम्ही चार वाजेपर्यंत थांबा म्हणालात, त्यांनी आम्हाला थांबवलं नाही."

बायकोने देवमाणसाचं नाव विचारलं. कॉम्प्युटरवाल्याने अदबीने स्क्रीन तिच्याकडे वळवला. बायकोने ते नाव वाचलं. मग खालच्या चार ओळी वाचल्या. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा छताचा पंखा बघत होता.

तिने लिफाफा पिशवीत घातला, विचार करून कळवते म्हणाली आणि उठली. हॉलच्या कडेला आल्यावर थांबली.

"हे नाव माझ्या आईशिवाय कुणाच्या तोंडात नाही."

जावयाने शर्टाची बाही सारखी केली.

"मी दोन वर्षं काही बोलले नाही. आज एक दिवस मागितला होता तुझ्याकडे. एक दिवस. तुला लोकांनी वाहवा केल्याशिवाय जगता येत नाही का रे?" तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "सोमवारी जा त्या नोकरीवर. मला नाही झेपत आता."

जावयाने सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. एक शब्द मोडून झाला होता, दुसरा अजून शाबूत होता. आपल्या हातात तेवढंच उरलंय असं त्याला वाटलं, आणि बायको रडते आहे हे दिसत असूनही तो खांबासारखा उभा राहिला.

तेवढ्यात बोर्डावर टुंग वाजलं. भरतीच्या खिडकीसाठी हजारावरचा एक नंबर उमटला. आणि समोरच्या रांगेतून सासूबाई उठल्या, छातीशी फाइल धरून.

बायको पाहतच राहिली. "आई? तू इथे काय करतेयस?"

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. "नंबर आलाय माझा," त्या म्हणाल्या. "आधी तो घेऊ दे. परत मिळायचा नाही."

त्या खिडकीशी गेल्या. लेक आणि जावई तिथेच उभे राहिले. खिडकीवर नाव, वय, पत्ता सगळं शांतपणे सांगून, पावती घडी करून पर्समध्ये ठेवून त्या परत आल्या आणि रिकाम्या खुर्चीत बसल्या. मग त्यांनी सांगितलं. गाठ वाईट निघाली होती. पुढच्या आठवड्यात कापणार, मग औषधं, मग ते किरण. वर्षभर तरी हॉस्पिटलच्या खेपा.

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुला रजा कुठे मिळते? हा होता रिकामा." सासूबाईंनी पदराच्या टोकाने चष्मा पुसला. "सकाळी ते मेलं यंत्र अडकलं. ह्यानं सोडवलं नसतं तर मी आज हे ऐकल्याशिवाय घरी गेले असते. ऐकलं ते बरं झालं म्हणायचं का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही."

बायको आईच्या गुडघ्यांशी बसली आणि हमसून हमसून रडली. आजूबाजूच्या लोकांनी नजरा बोर्डाकडे वळवल्या. हॉस्पिटलात ही एक सोय असते. जावयाला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला आणि आपल्याला तो हक्क आत्ता आहे की नाही हे न कळून त्याने तो सासूबाईंच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला.

रडून झाल्यावर बायकोने नाक पुसलं, लिफाफा काढला आणि ती सरळ खरेदी अधिकाऱ्याच्या खोलीत परत गेली. मागोमाग जावई, आणि कुणी बोलावलेलं नसताना सासूबाई.

"तुमचा तो देवमाणूस हा. म्हणजे पुरवठादार एकच," बायको म्हणाली आणि तिने नवऱ्याला दंडाला धरून पुढे केलं. "आणि त्यानं फुकट का केलं तेही ऐका. त्याची सासू तुमच्या हॉलमध्ये निकालाची वाट बघत बसली होती, म्हणून केलं. दर वेळी तुमचा बोर्ड अडकेल तेव्हा त्याची सासू तुमच्या रांगेत बसलेली असणार नाही."

बोलणं बिनतोड होतं. अधिकारीही माणूसच होता. त्याने सासूबाईंना खुर्ची दिली, काय झालंय ते विचारलं, मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं. मग त्याचा हात पेनाकडे जाता जाता थांबला.

"आजी, उपचार वर्षभर चालणार म्हणालात?"

"हो."

"इथेच?"

"इथेच."

"मग वर्षभर तर प्रश्नच नाही ना," अधिकारी म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणा अजिबात नव्हता, नुसता हिशेब जुळल्याचं समाधान होतं. "करार आपण पुढच्या वर्षी बघू."

बायकोचं तोंड उघडंच राहिलं. तिने विमा कंपनीत पुष्कळ पाहिलं होतं, पण हे नाही. जावयाला हसू येईल की रडू, ते कळेना. सासूबाईंनी मात्र पर्स उघडली, भरतीची पावती काढली आणि फाइलसकट टेबलावर ठेवली.

"हे रद्द करा. पुलापलीकडे दुसरं हॉस्पिटल आहे. तिथे बोर्ड नाही, बाई दारात येऊन नावानं हाक मारते. मला तेच बरं. मी तिकडे गेले की हा पण तिकडेच येईल माझ्याबरोबर, आणि मग तुमचा बोर्ड आणि तुम्ही."

अधिकाऱ्याने फाइलकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या छोट्या बोर्डाकडे पाहिलं. त्यावर हॉलमधलाच नंबर चालू होता. मग कॉम्प्युटरवाल्याकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जी घाबरगुंडी दिसली तिच्यावरून त्याने पेनचं टोपण काढलं. सही झाल्यावर सासूबाईंनी पावती पुन्हा पर्समध्ये ठेवली.

करार बायकोने स्वतः लिहिला होता आणि त्यात विमा कंपनीतलं सगळं शहाणपण ओतलं होतं. तक्रार लेखीच हवी. तिच्यावर खरेदी अधिकाऱ्याची सही हवी. मग कामाच्या दोन दिवसांत दुरुस्ती. लेखी तक्रारीवाचून जावयाने काही केलं तर करार रद्द. हे शेवटचं कलम तिने हॉस्पिटलसाठी घातलंच नव्हतं, नवऱ्याच्या हाताच्या खाजेसाठी घातलं होतं. जावयाने त्याखाली मुकाट्याने सही केली.

त्या एका करारामागून आणखी काही आले. एका हॉस्पिटलने केला म्हणजे तो करायचाच असतो, असं इतरांना वाटलं. जुन्या ऑफिसातल्या खुर्चीवर दुसरा कुणी बसला. जावई वेळेवर उठून, दाढी करून, शर्ट घालून आपल्याच घरात कामाला बसू लागला. "अर्जंट" आलं की "लेखी पाठवा" असं उत्तर देऊ लागला. पहिल्या खेपेला त्याने ते तीनदा खोडून लिहिलं, मग सवय झाली. इंटरनेटवर अधूनमधून लोक विचारत, तो रिकामटेकडा कुठे गेला, भला माणूस होता.

सासूबाईंची गाठ कापली. औषधं सुरू झाली. केस गेले, तेव्हा त्यांनी डोक्याला रुमाल बांधला आणि कंगवा शेजारणीला देऊन टाकला. प्रत्येक खेपेनंतर त्या थोड्या थोड्या कमी होऊन परत येत. आता लेकच रजा टाकून त्यांच्याबरोबर जायची.

असंच एके दिवशी दोघी हॉलमध्ये बसल्या होत्या. सासूबाईंना सकाळपासून पोटात काही ठरत नव्हतं. हातात पिशवी, डोकं लेकीच्या खांद्यावर. त्यांच्या आधी दोन नंबर होते आणि बोर्ड थांबला. नंबर हलेना, टुंग वाजेना. शिपायाने बोर्डाकडे बोट दाखवलं.

लेक कॉम्प्युटरवाल्याकडे धावली. त्याने तत्परतेने कागद काढला. तक्रार लिहायला घेतलीय, म्हणाला, पण सहीचे साहेब मीटिंगला गेलेत. ते आले की सही, मग कामाच्या दोन दिवसांत होऊन जाईल. करारात सगळं नीट लिहिलंय मॅडम, फार छान करार आहे. ती परत येऊन बसली आणि नवऱ्याला फोन लावला.

"अडकलाय ते दिसतंय मला," जावई म्हणाला. "पण कागद आलेला नाही. कागदाशिवाय हात लावला तर करार मोडतो. एक मोडला की बाकीचे विचारणार. कलम तूच घातलंस."

सासूबाईंना पुन्हा उमासा आला. लेकीने त्यांच्या तोंडाशी पिशवी धरली, कपाळाला हात लावला. कपाळ गार आणि घामाने ओलं होतं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. फोन कानाला तसाच होता आणि पलीकडे नवराही ठेवत नव्हता.

"तुला कोण सांगतंय," ती शेवटी म्हणाली. "त्या रिकामटेकड्याला सांग."

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने बोर्डावर टुंग वाजलं. एक नंबर गेला, मग दुसरा गेला, आणि मग त्यांचा आला. लेकीने आईला काखेत हात घालून उठवलं. सासूबाईंनी एक डोळा उघडून बोर्डाकडे पाहिलं.

"आज उशीर केला मेल्यानं," त्या म्हणाल्या आणि दाराकडे चालू लागल्या.